पवळीने गिळलेली चावी

मित्रांनो, मी एक जुनी फियाट आहे. आपली चावी हरवली, मोडली किंवा चोरीला गेली, असे पुष्कळ गाड्या सांगतील. माझी चावी एका गाईने खाल्ली. हसू आले ना? त्या दिवशी मात्र कोणीही हसले नव्हते.

सदुसष्ट साली मुंबईच्या कारखान्यात माझा जन्म झाला. अंगाचा रंग कच्च्या कैरीच्या गरासारखा फिका हिरवा. माझ्याबरोबर दोन पितळी चाव्या आल्या. एकाच चावीने माझे दार उघडे, डिकी उघडे आणि इंजिनही जागे होई. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. तिथल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने मला घेतले. मी लग्नाच्या वरातीत मिरवले, शेवंतीच्या माळा घातल्या. एक चावी त्या घरीच कुठेतरी गहाळ झाली. मला त्याचे काही वाटले नाही. सुखात असताना कोण चाव्या मोजतो?

पुढे शहाऐंशी साली मी सर्जेराव डॉक्टरांकडे आले. सर्जेराव हे चितेगावच्या एका मेंढपाळाचे चिरंजीव आणि ढोरांचे डॉक्टर. त्यांच्याकडे येताच माझ्या आयुष्यातल्या शेवंतीचा वास गेला आणि शेणाचा, टिंक्चरचा, ओल्या लोकरीचा वास आला. मागच्या सीटवर आजारी शेळ्या बसल्या, करडे निजली. त्यांच्यातच डॉक्टरांची लेक सुलेखा औषधांच्या बाटल्यांना टेकून पेंगायची. डॉक्टरांच्या पत्नीने लाल लोकरीचा गोंडा विणून माझ्या चावीला बांधला. रस्त्यावरच्या खड्ड्याखड्ड्याला तो गोंडा डुलायचा आणि मला वाटायचे, माझ्या गळ्यातच कोणी दागिना घातला आहे.

त्या काळात शहर माझ्या डोळ्यांदेखत वाढत होते. वाळूजकडे जाताना पूर्वी माळावर मेंढरांचे कळप दिसत. हळूहळू तिथे कारखान्यांच्या भिंती आल्या, बजाजनगर वसले. डॉक्टर एखाद्या वळणावर वेग कमी करत आणि सुलेखाला सांगत की इथे तिच्या आजोबांच्या मेंढरांचा वाडा, म्हणजे रात्रीचा मुक्काम, पडायचा, तिथे पाण्याचा डोह होता. सुलेखा काचेतून बघायची. तिला तिथे फक्त गेट आणि पहारेकरी दिसत. पुढे ती त्यातल्याच एका गेटातून कामाला जाऊ लागली. यंत्राचे सुटे भाग बरोबर मापाचे आहेत की नाहीत, हे तपासण्याचे तिचे काम होते.

मग तो दोन हजार बारा-तेराचा दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवले. बिडकीनजवळच्या माळावर चारा छावणी उभी राहिली. डॉक्टर निवृत्त झाले होते, तरी रोज मला घेऊन छावणीत जात. हजारभर जनावरे, वर ताडपत्र्या, खाली धूळ. दुपारच्या झळांत ती सारी छावणी मला पाण्यावर तरंगल्यासारखी दिसायची. जनावरांच्या रवंथाचा आवाज एकसारखा चालू असे, आणि त्या आवाजात माझाही डोळा लागे.

चैत्रातली गोष्ट. कडूबाई नावाची एक धनगरीण आपली तांबडी गाय घेऊन छावणीत राहत होती. गाईचे नाव पवळी. सात महिन्यांची गाभण, आणि अंगावर कातडे तेवढे उरलेले. डॉक्टरांनी तिला सुई टोचली आणि हात धुण्यासाठी चावी गव्हाणीच्या काठावर ठेवली. गव्हाणीत उसाची कुट्टी होती. चावी घसरली, कुट्टीत पडली. पवळीने जीभ फिरवली. कडूबाईने वळून पाहिले तेव्हा लाल गोंड्याचे टोक गाईच्या ओठांत शिरत होते.

कडूबाई गप्प राहू शकली असती. कोणाला काय कळणार होते? पण ती डॉक्टरांपुढे येऊन उभी राहिली.

"डॉक्टर, तुमची चावी पवळीनं गिळली. म्या बघितलं." आणि लगेच तिने विचारले, "आता तिचं पोट फाडावं लागंल का?"

डॉक्टरांनी पवळीच्या कुशीला कान लावला. बराच वेळ ऐकले. मग त्यांनी कडूबाईला समजावून सांगितले. गाईच्या पोटात चार कप्पे असतात. त्यातला एक मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो. गिळलेली जड वस्तू तिथे जाऊन बसते. लोखंडाची असती तर चुंबकाने धरून ठेवता आली असती, पण पितळेला चुंबक धरत नाही. पोट उघडून चावी काढता येईल. मात्र एवढ्या अशक्त गाईला ते झेपणार नाही, वासरूही जाईल. चावीची कड बोथट आहे. ती आत निवांत पडून राहिली तर गाय जगेल.

"चावीपायी दोन जीव नाय घालवायचे," ते म्हणाले. "राहू दे तिच्यापाशीच."

आणि ते एका ट्रॅक्टरवर बसून घरी गेले. मी तिथेच, पवळीच्या दावणीशेजारी, कुलूपबंद उभी राहिले.

खरे सांगते मित्रांनो, मला त्या गाईचा हेवा वाटला. बिडकीनहून एक मेकॅनिक आला. माझ्या चावीचे भोक असलेला स्विच स्क्रूड्रायव्हर ठोकून फोडू, तिथे एक बटण लावू, अर्ध्या तासाचे काम, असे तो म्हणाला. डॉक्टरांनी त्यालाही थांबवले. या ठोकाठोकीने गाय बिचकेल, आधी तिचे बाळंतपण होऊ दे, मग बघू, म्हणाले. मला वाटले, मी आता यांना नकोशी झाले.

डॉक्टर रोज कधी एसटीने, कधी कोणाच्या मोटारसायकलवर येत आणि आधी पवळीकडे जात. पंधरा दिवसांनी तिने खाणे सोडले. उठता-बसता कण्हू लागली. चावी आत टोचत होती. डॉक्टरांनी सांगितले की तिचे पुढचे पाय उंचावर राहिले पाहिजेत, म्हणजे आतला भार मागे सरेल. कडूबाईने पाटीने माती आणून दावणीत ओटा केला. तीन दिवस पवळी त्या ओट्यावर पुढचे पाय ठेवून उभी होती, जणू एखाद्या पायरीवर थबकली आहे. तिचे ओले नाक माझ्या काचेपर्यंत यायचे. श्वासाने काच धुरकट व्हायची. त्या धुक्यातून मी तिच्याकडे बघत असे आणि मला वाटे, माझी चावी आता एका उबदार अंधाऱ्या खोलीत आहे. पलीकडच्या खोलीत एक वासरू निजले आहे. माझा अर्धा जीव या गाईत आहे. मग हेवा कोणाचा करायचा? चौथ्या दिवशी तिने उसाचे चिपाड तोंडात घेतले, तेव्हा डॉक्टर माझ्या बॉनेटवर हात ठेवून खाली बसले.

आषाढात पवळी व्याली. कालवड झाली. त्याच आठवड्यात छावणी मोडली. त्या माळावर कारखान्यांचे भूखंड पडणार होते, मोजणीचे दगड आधीच रोवलेले होते. जमीन साफ करणाऱ्या ठेकेदाराने डॉक्टरांना चार दिवसांची मुदत दिली. सुलेखाने वडिलांना समजावले. त्यांचे वय झाले होते, माझेही झाले होते. जुन्या फियाटची चावी आता कुठे मिळत नाही, आपण नवी गाडी घेऊ, हिला भंगारात जाऊ द्या, असे ती म्हणाली. तिचे काही चुकले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "व्हय, तसंच कर."

ते कडूबाईने ऐकले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेजारणीला गाय सांभाळायला सांगून एसटीत बसली. ती कधी एकटी शहरात गेली नव्हती. तिच्या सासूच्या पेटीची चावी कधीकाळी शहागंजातल्या एका कारागिराने करून दिली होती, एवढेच तिला ठाऊक होते. विचारत विचारत ती त्या दुकानी पोचली. ते कारागीर वहीदमिया आता थकले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, दुकान मुलाच्या हाती. पण कडूबाईने सारी हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी फळीवरचा गंजका डबा उतरवला आणि तिच्यासोबत निघाले.

ती दोघे माळावर पोचली, तेव्हा भंगाराचा ट्रक माझ्यासमोर उभा होता आणि सुलेखा ड्रायव्हरला साखळी कुठे बांधायची ते दाखवत होती. कडूबाई मधे येऊन उभी राहिली.

"बाई, तुझ्या बापानं माझ्या गाईला लोखंड लागू दिलं नाय," ती म्हणाली. "त्याच्या गाडीला मी लागू देईन व्हय?"

सुलेखाने साखळी खाली ठेवली.

वहीदमियांनी डब्यातून एक कोरी चावी काढली. माझ्या जातीची, दाते न कापलेली. अशी ती एकच उरली होती. चुकली तर दुसरी नव्हती. त्यांनी रॉकेलची चिमणी पेटवली, चावी काजळीवर धरून काळी केली आणि माझ्या दाराच्या कुलुपात अलगद घालून किंचित फिरवली. आतल्या पट्ट्या जिथे अडतात, तिथे काजळीवर रेघ उठते. तेवढेच कानशीने घासायचे, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. पण ती रेघ त्यांना दिसेना. चावी उन्हाकडे धरून ते नुसते बघत राहिले.

"बेटी," ते म्हणाले, "बोटं अजून माझी हैत. डोळे तू दे."

सुलेखा त्यांच्याशेजारी मातीतच बसली. कारखान्यात ती केसाएवढे फरक टिपत असे. ती सांगू लागली, तिसऱ्या ठिकाणी रेघ आहे, डावीकडे, अगदी पुसट. वहीदमिया तिथे कानस फिरवत. ट्रक ड्रायव्हरने एकदा किती वेळ लागेल म्हणून विचारले. वहीदमिया कानस चालवतच राहिले. कुलुपावर जबरदस्ती करायची नाय, त्याला विचारायचं, मग ते सांगतं, असे ते सुलेखाला हळूच म्हणाले.

माझ्या आत काय होत होते, ते कसे सांगू? इतके महिने कोरडे पडलेले ते अंधारे छिद्र. त्यात कोणीतरी पुन्हा पुन्हा येत होते, काही न तोडता, प्रत्येक वेळी थोडे अधिक ओळखीचे होऊन. सूर्य डोक्यावरून कलला. डॉक्टरही येऊन मागे उभे राहिले. आणि मग एकदा चावी आत गेली, फिरली, आणि अडली नाही.

दार उघडले. डॉक्टरांनी तीच चावी आतल्या स्विचमध्ये फिरवली, पण माझा लाल दिवा लागला नाही, कारण बॅटरी कधीच मेली होती. ट्रकवाल्याने आपल्याजवळची एक जादा बॅटरी दिली. पेट्रोल आणले. तरी मी चटकन उठले नाही. छावणी आवरणाऱ्या बाया-माणसांनी मागून लोटले, स्वतः ट्रक ड्रायव्हरही लोटायला लागला. वीस पावलांवर मी खोकले, धूर सोडला आणि धडधडू लागले. सर्जेराव डॉक्टर स्टिअरिंगवर डोके टेकून क्षणभर तसेच बसले.

भंगाराच्या ट्रकला रिकामे जावे लागले. मी पहिली फेरी कडूबाईच्या वस्तीची केली, बिडकीनच्या पुढे दोन कोस. पुढे डॉक्टरांशेजारी वहीदमिया बसले. मागे कडूबाई, तिच्या मांडीवर तीन दिवसांची कालवड. पवळी मात्र चालत निघाली, कारण ती काही गाडीत मावणार नव्हती. तिचे दावे सुलेखाने हातात घेतले. जिने आयुष्यात कधी जनावर वळले नव्हते, ती त्या दिवशी पैठणच्या रस्त्याने गाईच्या खांद्याला खांदा लावून चालत होती. मी गाईच्या चालीने निघाले. मागे कंपन्यांच्या बस आणि कंटेनर अडकले, हॉर्न वाजवू लागले. सुलेखाने हात वर करून त्यांना थांबवले आणि चालत राहिली. पवळी मधूनच माझ्या खिडकीतून मान आत घालून वासराला चाटायची. तेव्हा आम्ही सारेच थांबत होतो.

पवळीने ती चावी पोटात घेऊनच पुढे तीन वेते दिली, आणखी तीन वासरे झाली. डॉक्टर आता नाहीत. मी बजाजनगरला सुलेखाच्या दारात असते. ती मला दर रविवारी बाहेर काढते आणि चावी फिरवण्याआधी क्षणभर थांबते.

मित्रांनो, काहीही बंद पडले की पहिल्यांदा हात हातोड्याकडे जातो. तुमच्याही घरी एखादे रुसलेले कपाट असेल, अडलेले घड्याळ असेल, न बोलणारे माणूस असेल. ते फोडायला अर्धा तास पुरतो. त्याच्यापाशी बसायला एक दुपार लागते. ती दुपार द्या.