गपगार हाका

माझा आवाज म्हणजे गावाचा दागिना, असं मी म्हणत नाही, गाव म्हणतं. शाहू महाराजांच्या अमदानीत गगनबावड्याच्या रानात शिकारीचं जनावर उठवायला हाका निघाला, की पहिली आरोळी या जोतीरामची. डबडी आणि ढोल बडवत बाकीची माणसं मागून. म्हणून गैबीची पाखरं उधळली तेव्हा त्याची बायको मलिका तडक माझ्याच दारात आली.

पाखरं साधी नव्हती. नाताळला गोरा पाहुणा येणार म्हणून आमच्या गणपतराव इनामदारांनी बेळगावहून टर्की कोंबड्या आणवल्या होत्या. टकलं डोकं, चोचीवर लोंबणारं लाल कातडं आणि अंगानं शेळीच्या करडाएवढ्या. त्या सांभाळायचं काम बंगल्यावरच्या गैबीकडं. गैबी गरीब गाय. दोघांच्या वाटणीचं बोलायचं काम मलिका करायची. पावसाळाभर तिनं ती पिल्लं चुलीपाशी ऊब देऊन जगवली होती.

त्या सकाळी इनामदारांचे जावई नवी बंदूक घेऊन बंगल्यामागच्या माळावर ससा मारायला गेले. ससा गेला पळून, पण बार ऐकून या कोंबड्या उडाल्या. त्यांना उडता येतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं! एक इकडं, एक तिकडं, सगळ्या रानात पांगल्या. पाहुणा दुसऱ्या दिवशी यायचा होता. इनामदारांनी जावयाला सोडलं आणि गैबीला धरलं. "पाखरं आण, नाहीतर तोंड दाखवू नकोस मला!"

बिचाऱ्यानं ते खरं धरलं. डोक्याला पटकासुद्धा न गुंडाळता तो घाटाकडं पळताना एका गुराख्याला दिसला.

"भावजी, पाखरं घरात आली तरच ह्ये घरला येतील," मलिका म्हणाली. "न्हाईतर गेलं म्हणून समजा."

माझा मावसभाऊ आकाराम असाच रागाच्या भरात घाट उतरला होता. विजयदुर्गाहून बोटीनं मुंबईला गेला, तो अजून यायचाय. गैबीचंही तसंच झालं तर या बाईनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

लगेच माणसं गोळा केली आणि हाका घातला. आम्हाला दुसरं येतं काय? रान नुसतं दणाणून सोडलं. पाखरं दिसायची, आणि आमची आरोळी ऐकली की आणखी आत जायची. दुपारपर्यंत घसे बसले. बंगल्यामागं येऊन आम्ही तंबाखू मळत बसलो.

तेवढ्यात ओहोळाच्या अंगानं बारीक आवाज आला. किव्, किव्. पलीकडच्या झाडीतून दुसरीनं उत्तर दिलं. मी आरोळी ठोकायला तोंड उघडलं, तोच पाठीत ढेकूळ बसलं. मलिकानं मारलं होतं.

"गप! तुम्ही गप बसलासा, तवा त्या बोलाय लागल्या. एकमेकींना हुडकाय लागल्यात. आता कुणी तोंड उघडलं तर बघा!"

आणि तिनं अख्खा गाव जिथं बार उडाला तिथंच माळावर गप बसवला. आमच्या गावाला गप बसवणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. धोंडुबाई झोपेतसुद्धा भांडते, तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. मी श्वास कोंडून बसलो, आणि नको तेव्हा मला खोकला आला. असा आला की माळ हादरला. सगळ्यांनी माझ्याकडं खाऊ की गिळू असं बघितलं.

पण करवंदीच्या जाळीमागून त्यांचा नर गडगडगड करून ओरडला! माझ्या खोकल्याला उत्तर देत होता तो.

"आणखी एकदा खोका," मलिका कुजबुजली.

मी खोकलो. नर पुन्हा ओरडत बाहेर आला. त्याच्या आवाजावर माद्या आल्या, एकेक करून, त्याच माळावर. मलिकानं तांदळाच्या कण्या टाकल्या आणि हळूहळू मागं सरत सगळ्यांना खुराड्यात घेतलं. एकही कमी नव्हती.

इनामदार हसत बाहेर आले. "गैबी कुठाय?"

"तुमीच म्हटलासा की, तोंड दावू नको," मलिका म्हणाली.

इनामदारांचा चेहरा उतरला. "जोतीराम, माणसं घे, घाटात जा. हाका मार त्याला."

मी उठलोही होतो.

"न्हाय," मलिका म्हणाली. "वरडलासा तर त्यांना वाटंल धराय आल्यात. आणखी खाली पळतील. बसा हितंच. आणि मालक, तुमी आत जावा. तोंडानं बार उडवणारा म्होरं हुबा असल्यावर पाखरू येतंय व्हय?"

इनामदार आत गेले. आम्ही पुन्हा बसलो. ऊन कलायला लागलं. मलिका खुराड्याला टेकून बसली होती, पण तिची बोटं पदराचं टोक पिळत होती. मला मनातून भीती वाटत होती. पाखरू येतं, माणूस येईलच असं कुठं आहे?

तेवढ्यात माळाच्या टोकाला, घाटाच्या अंगाची जाळी हलली. गैबी! पायांना ओरखडे, केसांत पाला. एवढी माणसं बघून तो पुन्हा मागं सरला. आम्ही कुणी हललो नाही.

"पाखरं घरात हाईत," मलिका जमिनीकडं बघत म्हणाली. "जेवायचं हाय न्हवं?"

तो आला आणि तिच्यापाशी मटकन बसला.

"कुठवर गेलतासा?" तिनं विचारलं.

"पयल्या वळणावरनंच परत फिरलो गं. तुला सोडून कुठं जाऊ? पर ह्यो हाका ऐकला. वाटलं, इनामदारांनी मलाच धराय माणसं सोडल्यात. सकाळपास्नं त्या जाळीत बसलोय."

मलिका दिवसभरात पहिल्यांदा रडली, आणि रडता रडता तिनं त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.