दोन रिंगा

संध्याकाळी सात वाजता टेबलावरचा फोन वाजला नाही. वाजणारही नव्हता. दुपारीच लाइन बंद झाली होती आणि मुलाने वायर गुंडाळून फोन माळ्यावर टाकला होता.

"आई, या मोबाइलवरून हवं तितकं बोल. बिलाची कटकटच नाही."

"बोलू कोणाशी? दादाला ऐकू कुठे येतं?"

दादा म्हणजे माईचा थोरला भाऊ. दुसऱ्या गावी एकटाच राही. छापखान्यात यंत्राशेजारी उभं राहून त्याचे कान गेले. बायको वारल्यावर तो रोज कालव्याच्या काठाने फिरायला जाऊ लागला. एकदा घसरून पडला आणि रात्रभर तिथेच राहिला. तेव्हापासून दोघांचं ठरलं होतं. घरी आला की त्याने माईचा नंबर फिरवायचा, थोडं थांबायचं आणि रिसीव्हर ठेवून द्यायचा. इकडे दोन रिंगा वाजत. माई उचलत नसे. शर्टांची काजं करताना सुई तशीच धरून ऐके, "आला बाई" म्हणे आणि पुढचा टाका घेई.

मोबाइलचा नंबर मुलाने दादाच्या शेजाऱ्याकडून भिंतीवर ठळक लिहवून घेतला. दादाने वाचला, मान डोलावली. बोटं मात्र जुनाच नंबर फिरवत राहिली. पलीकडे काही वाजतंय की नाही, हे त्याला कळणार कसं?

"शेजारी सांगतात ना, बरे आहेत म्हणून," सून म्हणाली.

"सांगतात. विचारलं तर."

काही महिन्यांनी, न राहवून, माईने जुना नंबर लावून पाहिला. एका अनोळखी बाईने उचलला. नंबर आता तिच्या घरी गेला होता.

"रोज संध्याकाळी तुम्हीच छळता का? उचलायला जावं तर बंद."

"तो माझा दादा. घरी पोचलो म्हणून सांगतो."

"मग बोलायला काय होतं त्यांना?"

"कान गेलेत हो त्याचे. वाजला की मला तेवढं कळवाल?"

"बोलत बसायला मला वेळ नाही. दोन रिंगा देईन. चालेल?"

"तेवढंच हवंय."

मग रोज सातच्या सुमारास मोबाइल दोनदा वाजून गप्प होई.

"आई, उचल ना, कोणाचा आहे?"

"तो उचलायचा नसतो."

एका संध्याकाळी मोबाइल वाजला नाही. माईने त्या बाईला लावला, कोणी उचलला नाही. शेजाऱ्याचा बंद होता. मुलगा आणि सून बाहेर गेले होते. शेवटी तिने दादाचाच नंबर लावला. त्याला ऐकू जाणार नाही, हे ठाऊक असून. रिंग वाजून वाजून तुटली. तिने पुन्हा लावला.

साडेआठपर्यंत तिकडे रिंग जात होती, मग नंबर एंगेज लागला आणि माई म्हणाली, "आला बाई."