ताईच्या गाठीचा उरलेला तुकडा

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोटोम आहे. नाव भारदस्त, काम मात्र कसायाचे. शरीरातून काढलेला तुकडा मेणात थिजवून माझ्या चिमट्यात धरतात, चाक फिरवतात आणि माझे पाते त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढते. ठोकून, तापवून, घासून मला घडवले. त्यामुळे मऊपणाची अपेक्षा माझ्याकडून करू नका.

आमच्या प्रयोगशाळेत स्तनांच्या गाठी येतात. डॉक्टरबाई माझे काप काचेवर घेऊन त्यांवर रंग घालतात. पेशी तपकिरी झाल्या, तर गाठ शरीरातल्याच हार्मोनवर पोसते आहे असे समजतात. मग रोजच्या गोळीने तिची रसद तोडता येते. रंग चढला नाही, तर गोळीचा उपयोग नाही. कोणाला गोळी लागू पडते आणि कोणाची गाठ पुन्हा उठते, यावर बाईंचे संशोधन चालले होते. त्यासाठी जुन्या काचा चाळताना त्या एका काचेवर अडल्या. गाठ एका शिंपीणताईची होती आणि रिपोर्ट होता, ‘रंग नाही’. पण गाठीशेजारच्या दुधाच्या निरोगी नळ्याही कोऱ्याच होत्या, आणि त्यांना थोडा तरी रंग चढतोच. म्हणजे तुकडाच खराब झाला होता. बाईंनी ताईला आणि तिच्या धाकट्या भावाला बोलावून खरे ते सांगून टाकले.

भावाने स्टूल उचलले. “म्हणजे गोळी चालली असती, आणि तुम्ही दिलीच नाही?”

काचांचे कपाट खळकन फुटले. बाईंच्या कपाळातून रक्त वाहू लागले. दुसरा घाव माझ्यावर बसला आणि माझे चाक वाकले. मग त्याने माझ्या चिमट्यात लावून ठेवलेला मेणाचा ठोकळा उपटला. माझ्या पात्याने त्याची बोटे चिरली. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

“तो फेकू नका!” बाई ओरडल्या. “ऑपरेशनच्या आधी सुईने काढलेला तुकडा आहे. तेवढाच चांगला राहिलाय.”

त्याचा हात उगारलेलाच होता. डोक्याला रुमाल बांधलेली ताई उठली आणि तिने त्याच्या मुस्काटात खाडकन लगावली.

“माझा जीव आहे तुझ्या मुठीत. ठेव खाली!”

त्याने ठेवला. वाकल्या चाकाने मी कापू लागलो. पहिला काप फाटला, दुसराही फाटला. तुकडा संपत आला तेव्हा माझे पाते थरथरत होते. मग एक काप अखंड निघाला. संध्याकाळी त्यावर तपकिरी रंग चढला.

भाऊ पट्टी बांधलेला हात छातीशी धरून रडला. ताई रडली नाही. “आधी तपासलेला तुकडा खराब कसा झाला?” तिने विचारले.

“डबीत तुकडा टिकवायचं औषध ओतायचं राहिलं,” बाई म्हणाल्या. “ऑपरेशन उरकून सगळे जेवायला गेले.”

“पोटभर जेवलात ना?” ताई म्हणाली.



मित्रांनो, माझे तेलपाणी विसरलात तरी चालेल. उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका. माझ्यापुढे येणारा तुकडा कोणाच्या तरी अंगातून कापलेला असतो. भूक लागली तर खुशाल जेवा, पण त्याला आधी औषधात बुडवा.