विहिरीची ओटी

खोटं बोलायचं की खरं, एवढाच काय तो प्रश्न. पण त्या एवढ्याशा प्रश्नाने रेणूचा सकाळपासून जीव खाल्ला होता. मोहटोली या वस्तीची नगरसेविका ती. संध्याकाळची वॉर्डाची सभा तिनेच लावलेली, आणि सांगायचं होतं ते असं, की नळाला पाणी येणार नाही. पाण्याच्या टाकीचा निधी परत गेला होता. मुख्याधिकाऱ्यांनी तिला पंख्याखाली बसवलं, चहा पाजला आणि थंडपणे ते सांगितलं. "नवीन प्रस्ताव पाठवू, मॅडम," असं म्हणत त्यांनी घड्याळाकडे बघितलं. झालं. दोन वर्षांची धावपळ एका कप चहात बुडाली.

"काम प्रगतिपथावर हाये म्हन," तिचा नवरा भूपेंद्र म्हणाला. "लोकाईले तेच आयकाची सवय हाये. टाळ्या वाजवतीन अन् घरी जातीन."

"अन् पाणी?"

"पाणी का तू डोक्यावर आननार हायेस? कायले आपल्या हातानं आपली फजिती करून राहिली?"

बोलायला काय जातं हो भूपेंद्रचं! पण या टोलीत एक विहीर होती. दगडी बांधणीची, भर वैशाखातही न आटणारी. टोलीतली बाई बाळंत झाली की बाराव्या दिवशी हळदकुंकू घेऊन तिथेच जायची. रेणूही गेली होती, तान्ह्या लेकीला, मोनाला, कुशीत घेऊन. मग गावाची नगरपंचायत झाली, रेणू निवडून आली, समाजमंदिर मंजूर झालं, आणि ठेकेदाराला सगळ्या टोलीत नेमकी विहिरीचीच जागा पसंत पडली. लोक भडकले. त्यांची समजूत कोणी काढली? रेणूनेच. दारोदार नळाच्या तोट्या बसल्याच होत्या. त्या दाखवत ती घरोघर फिरली. "अवं माय, नळ येऊन राहिला. दारातच पाणी भरजा. आता थे विहीर कायले पायजे?" बाया मानल्या. नगरसेविकेचं ऐकलं नसतं त्यांनी, पण बोलत होती ती टोलीची सून.

मानल्या, तरी विहिरीला त्यांनी तसंच जाऊ दिलं नाही. शेजारची रंभाबाई, सत्तरी गाठलेली, टोलीतल्या सगळ्या लग्नाबारशांत पुढे असणारी. ती म्हणाली, "जल्मभर पाजलं तिनं आमाले. लेकीले का कोनी रिकाम्या पदरानं धाडते?" मग सगळ्या बायांनी मिळून विहिरीची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ, हिरव्या बांगड्या. पहिला मान रेणूचा. काठावर उभं राहून तिने तांदूळ सोडले तेव्हा खाली पाण्यात तिला आपलंच तोंड दिसलं होतं. ओटी भरून झाली की मागे वळून बघायचं नाही, असं रंभाबाईने सगळ्यांना बजावलं. बाया रडत रडत निघाल्या, आणि मागे मुरमाचा ट्रक रिकामा झाल्याचा आवाज आला. तरी एकीनेही वळून बघितलं नाही.

ही माघातली गोष्ट. आता वैशाख होता. बायांनी नळाच्या तोट्यांना लावलेलं हळदकुंकू उन्हाने उडून गेलं होतं. एखादीने आशेने तोटी फिरवलीच, तर आतून मुंगी बाहेर यायची. पाणी आता महामार्गापलीकडे, हेमराजच्या शेतातल्या बोअरवर. भरधाव ट्रकांमधून बाया डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन रस्ता ओलांडायच्या. रंभाबाईचा म्हातारा टिकाराम अंथरुणाला खिळलेला. त्याचं धुणंपुसणं करायला पाणी जास्त लागायचं, म्हणून ती सगळ्यांत जास्त खेपा करायची. परवाच एका ट्रकच्या हॉर्नने दचकून ती रस्त्यातच पडली. गुंड चेपला, गुडघा फुटला. ते रेणूने आपल्या अंगणातून बघितलं होतं.

सभा भरली ती समाजमंदिराच्या जोत्यावर. जोत्याच्या वर काहीच नव्हतं. ठेकेदार भिंती न उभारताच गायब झाला होता. म्हणजे बुजवलेल्या विहिरीच्या बरोबर डोक्यावर सगळी टोली बसली. भूपेंद्रने माइक लावून दिला आणि डोळ्यांनीच बायकोला दम भरला.

रेणूने पथदिव्यांपासून सुरुवात केली. नवीन दिवे मंजूर झाले. टाळ्या. नालीचा गाळ काढणार. टाळ्या. आणि मग ती थांबली. समोरच गुडघ्याला फडकं बांधून रंभाबाई बसली होती, कौतुकाने टोलीच्या सुनेकडे बघत. त्या नजरेपुढे 'प्रगतिपथ' काही रेणूच्या तोंडातून निघेना.

"नळाले पाणी येनार नाई," ती म्हणाली. "टाकीचे पैसे वापस गेले. या उन्हाळ्यात नाई, पुढच्याही नाई. कधी येईन, मले मालूम नाई."

भूपेंद्रने कपाळावर हात मारून घेतला.

"मीच तुमाले विहीर बुजवाले लावली," रेणूचा आवाज फाटला. "बोला ना काई! शिव्या द्या मले!"

"शिव्यानं का गुंड भरते, वहिनी?" हेमराज उठत म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच रेणूला सोसेना. "बोअरचं पाणीबी खाली गेलं आता. आठ-पंधरा रोज चालन. मंग मले नका इचारू."

रंभाबाई लंगडत घरी गेली. रेणूला वाटलं, आता ही म्हातारीही तोंड फिरवणार. पण थोड्या वेळाने ती ताट घेऊन परत आली. ताटात हळदकुंकू, तांदूळ, खण, नारळ. रेणूला हुंदका आवरेना. माफ केलं म्हातारीने! खरं बोलले म्हणून माफ केलं! तिने घाईघाईने पदर पसरला. रंभाबाईने तिला कुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला. आणि सगळ्यांत शेवटी त्यावर हिरव्या बांगड्या ठेवल्या.

त्या बांगड्या बघितल्या आणि रेणूला माघातली विहिरीची ओटी आठवली.

"मोठीमाय, हे काहून?"

"सुखानं राय, बाई." म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला, अगदी मायेने. "तुह्यावर राग नाई. पन आता आमच्या दारी काई सांगाले येऊ नको. विहिरीच्या टायमाले रडू तरी आलं होतं वं. आज थेही येत नाई."

तिने रिकामं ताट काखेत घेतलं. एकेक बाई उठली, कोणी पायरीपाशी ठेवलेला गुंड उचलला, चंद्रकलाने लेकराचा हात धरला. रस्त्यापलीकडच्या बोअरवर दिवस मावळायच्या आत पोचायचं होतं.

"मोठीमाय!" रेणूने हाक मारली. "चंद्रकला! अवं, आयका तरी!"

हाक सगळ्यांना ऐकू गेली होती. एकीनेही मागे वळून बघितलं नाही.

भूपेंद्र वायर गुंडाळत कधीचा म्हणत होता, चल, चल आता घरी. भरला पदर दोन्ही हातांनी धरून रेणू जोत्यावर, विहिरीच्या जागेवर, तशीच उभी राहिली.