दारावरची फुली

थोरल्यांना साडूचा मत्सर वाटत नव्हता. हे त्यांनी बायकोला इतक्यांदा, तेही न विचारता, सांगितलं होतं, की तिने त्यावर कधीच विश्वास ठेवला नाही.

दोघे एकाच घरचे जावई आणि एकाच अग्निशमन दलात. थोरले लग्नाने मोठे, वयाने मोठे, नोकरीत सहा वर्षांनी मोठे. धाकट्यांचं मोठेपण एवढंच, की त्यांच्याकडे सूट होता. विषारी वायू सुटला की घालायचा तो नखशिखांत पिवळा, हवाबंद सूट. पाठीवर हवेची टाकी, तोंडापुढे काच. त्यात चालणारा माणूस फुगवलेल्या उशीसारखा दिसतो, पण लोकांना तो अंतराळवीर वाटतो.

थोरल्यांकडे भोंगा होता. दारं ठोठावायची, माणसं बाहेर काढायची आणि वारा बघून सुरक्षित जागी न्यायची, हे त्यांचं काम. दलात त्यांना नावही भोंगाच पडलं होतं.

सूटच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा साहेब म्हणाले, "अहो, तुमच्यासारखी माणसं हलवणारा दुसरा आहे कोण?" थोरल्यांना ही स्तुती वाटत नसे. स्तुतीचा फोटो येतो.

तो सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीत होता. धाकटे सूटमध्ये, फ्रेममध्ये. काचेवर उजेड चमकल्यामुळे आतलं तोंड दिसत नव्हतं. तो कुणीही असू शकेल, असं थोरले जेवताना मनात म्हणत. तो मीसुद्धा असू शकलो असतो, हे मात्र ते मनातही हळूच म्हणत.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरची झडप फुटली. पुढचं सगळं पाठ असल्यासारखं झालं. साहेबांनी वाऱ्याची दिशा पाहिली, नकाशावर लाल रेघ ओढली. दोघं सूट चढवून आत जाणार, आणखी दोघं सूट चढवून बाहेर नुसते बसणार, आतल्यांना काही झालं तर. धाकटे अर्थातच आत जाणाऱ्यांत होते. काच लावण्याआधी त्यांनी थोरल्यांकडे पाहून अंगठा वर केला. थोरल्यांनी भोंगा वर केला.

त्यांच्या वाट्याला चार गल्ल्या, सहा माणसं आणि खडूचा डबा आला. पद्धत साधी होती. दार ठोठावलं की त्यावर एक तिरकी रेघ मारायची. घर रिकामं झालं की तिच्यावर दुसरी ओढून फुली करायची, म्हणजे मागून येणारा तिथे वेळ घालवत नाही.

तिसऱ्या गल्लीत, तळमजल्यावर, सासूबाई एकट्या राहत. थोरल्यांनी रेघ मारली आणि बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"अच्छा, तुम्ही होय," सासूबाई म्हणाल्या. मीटर बघायला आलेल्या माणसाला म्हणतात तसं.

"आई, वायू सुटलाय. आत्ता निघायचं. रुमाल ओला करून नाकाला लावा."

"मागच्या वेळीही सुटला होता."

"तो सराव होता."

"आणि त्याच्या मागच्या वेळी?"

"तोही सरावच."

"दोन तास उन्हात उभं केलंत मैदानावर. इकडे दूध उतू जाऊन शेगडीचा सत्यानाश. मी नाही येत."

"आई, खरंच सांगतोय. धाकटे आत गेलेत झडप बंद करायला."

ही चूक झाली. सासूबाईंचा चेहरा एकदम निवला.

"ते गेलेत ना? मग झालं तर! करतील बंद. तुम्ही उगाच ओरडत फिरू नका, घसा बसेल."

खांद्यावरचा वायरलेस खरखरला. "भोंगा, वारा फिरलाय. तिसरी गल्ली दहा मिनिटांत रिकामी कर. मैदानाकडे कुणालाही नेऊ नकोस, वायू तिकडेच चाललाय."

क्लोरीन हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत सरपटत येतो आणि आधी तळमजल्यांत शिरतो. थोरल्यांनी साखळीकडे पाहिलं. ती त्यांनीच बसवली होती, चार लांब स्क्रू मारून. काम पक्कं होतं. पहार गाडीत आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी. वरच्या दोन मजल्यांवरची माणसं पायऱ्यांवर येऊन, कुठे जायचं म्हणून त्यांच्याकडे बघत उभी होती.

एका वाक्यात हे दार उघडलं असतं. ते वाक्य थोरल्यांना केव्हाच सुचलं होतं. नुसतं बोलायचं होतं. पण ते त्यांनी बाजूला ठेवलं. त्यांनी पुन्हा एकदा स्वतःच्या नावावर प्रयत्न केला. "आई, मी थोरला जावई म्हणून सांगतोय," असं म्हणून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "ते माहितीये मला." यात एक मिनिट गेलं. त्या मिनिटाबद्दल थोरल्यांनी पुढे कुठल्याही अहवालात लिहिलं नाही.

मग गल्लीच्या खालच्या टोकाकडून धुण्याच्या पावडरीसारखा उग्र वास आला.

"आई," थोरले म्हणाले, "धाकट्यांनीच पाठवलंय मला. आत जायच्या आधी म्हणाले, बाकीचं राहू द्या, आधी आईंना काढा."

साखळी खळकन निघाली.

"मग हे आधी नाही का सांगायचं! किती वेळ घालवलात!" म्हणत त्यांनी ओला रुमाल घेतला, गोळ्या घेतल्या आणि थर्मास घेतला. "चहा आहे. त्या कपड्यात उकडून निघाले असतील बिचारे."

थोरल्यांनी दारावर फुली मारली, सासूबाईंचा हात धरला आणि भोंगा तोंडाला लावला. मैदानाच्या सवयीने लोक डावीकडे वळत होते. त्यांनी सगळ्यांना उजवीकडे काढलं. बोळातून, वारा एका गालावर घेत, वायूच्या वाटेबाहेर, मग चढावरच्या शाळेत. दोनशे बारा माणसं, दोन पाळण्यातली बाळं, एक पोपट. एका आजोबांना खुर्चीसकट उचलून नेलं. सासूबाई खोकल्या, तेवढंच. कुणालाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही, आणि जे घडलं नाही त्याचा फोटो काढता येत नाही.

धाकट्यांनी चाळीस मिनिटांत झडपेवर टोपण बसवलं. बाहेर आले, सूटसकट धुऊन घेतले गेले, काच काढली. फोटो छान आला. हातात थर्मास होता.

रविवारी सगळे सासूबाईंकडे जेवायला जमले. त्यांनी शेजारणीला हकिकत तिसऱ्यांदा ऐकवली, तेव्हा धाकटे अवघडून म्हणाले, "आई, मी काहीच म्हणालो नव्हतो हो. खरं सांगायचं तर त्या घाईत तुम्ही त्या गल्लीत राहता हेही मला आठवलं नाही."

"बघा!" सासूबाई शेजारणीला म्हणाल्या. "मोठेपणा तो किती! स्वतःकडे म्हणून काही घ्यायचं नाही."

थोरल्यांनी घास खाली ठेवला. "आई, ते खरंच बोलताहेत. ती थाप मीच मारली. तुम्ही दार उघडत नव्हता म्हणून."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्यांचं खरं वाटलं असावं. पण ती बोलायच्या आत सासूबाईंनी सुस्कारा सोडला.

"असू दे," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "पण इतकं पोटात दुखू देऊ नये माणसाने. आपलाच साडू आहे."

धाकट्यांनी थोरल्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो झटकण्याइतकीही सोय नव्हती.

दारावरची फुली सासूबाईंनी पुसली नाही. आल्यागेल्याला त्या ती दाखवत, "आमच्या धाकट्यांनी काढलं मला," म्हणून. दोन महिन्यांनी ती फिकी झाली. थोरले नळाची गळती बघायला गेले होते. जाताना सासूबाईंनी त्यांना दारात थांबवलं.

"तुमच्याकडे खडू असतो ना? जरा गडद करून द्या. धाकट्यांना कुठे सांगू, ते कामाचे."

थोरल्यांनी खिशातून खडू काढला. एक तिरकी रेघ मारली. तिच्यावर दुसरी.

सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या, मान कलती करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पहिली जास्त सरळ होती."