भावोजींना बसवायचं कुठे

माझे भावोजी वेटर होते. होते म्हणजे, गेल्याच महिन्यात निवृत्त झाले, पण ही गोष्ट त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. निरोपाच्या दिवशी मालकांनी त्यांचा सत्कार ठेवला होता, तर सत्कारमूर्ती पुष्पगुच्छ काखेत मारून पाहुण्यांत सरबताचा ट्रे फिरवत होते. भाषणात त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते आत ग्लास विसळत होते.

त्यानंतर आठवड्याभरात ताई माझ्या दुकानात आली. मी डोळे तपासून चष्मे करून देते. ताईचा नंबर एवढा जबर आहे की चष्मा काढला की एका वितीच्या पलीकडचं जग तिच्यासाठी पाण्यात भिजलेल्या कागदासारखं होतं. नव्या काचांवर चमक घालवणारा थर देते म्हटलं, तर नको म्हणाली. त्यात तिचे डोळे हिरवट दिसतात म्हणे. या वयात तिचे डोळे बघायला कोण येणार आहे असं मी विचारलं. एरवी तिनं मला टपली मारली असती, पण त्या दिवशी ती नुसती जुना चष्मा पुसत राहिली.

डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत माणसं खरं बोलतात, हा माझा अनुभव आहे.

"ह्यांना मी कधी जेवताना बघितलं नाही गं," ताई म्हणाली.

मी हसले. "मग काय हवेवर जगतात?"

"तसं नाही. हॉटेलात असताना तिथेच उभ्यानं खायचे, सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर. आठवड्याच्या सुट्टीला, आणि आता तर रोजच, घरी ओट्याशी उभे राहून गिळतात. मी बसवलं की मीठ आणायला उठतात, मग पाणी आणायला, मग मला वाढायला. स्वतःच्या लग्नात सुद्धा माझ्या शेजारून उठून वाढायला गेले होते, आठवतं ना? जगाला काय आवडतं ते ह्यांना चेहऱ्यावरून कळतं. पण ह्यांना काय आवडतं असं कोणी मला विचारलं, तर मी नापास." मग ती म्हणाली, "एकदा समोर बसून, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, एक अख्खं जेवण. बास. जास्त नाही मागत मी."

माझ्या बहिणीनं आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं. शनिवार-रविवार, मोठं शहर, आम्ही तिघं. कुठे खावं आणि कुठे प्यावं या विषयात मी कोणाच्या बापाला ऐकत नाही. एकटी बाई आहे, कमावते, आणि सुट्टी लागली की त्या शहरात जाऊन पोटभर खाते. तिथलं एकेक टेबल मला माहीत आहे. जागा मी निवडणार, खाणंपिणं मी मागवणार, आणि भावोजींनी फक्त बसायचं. यात अवघड काय आहे असं मला वाटलं होतं.

शनिवारी सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या मी दोघांना माझ्या लाडक्या कॉफीच्या दुकानात नेलं. उंच छत, गोल दगडी टेबलं, काचेमागे ताजे केक. भावोजी पांढराशुभ्र शर्ट, कोट आणि चकचकीत काळे बूट घालून आले होते. दुसरे कपडे त्यांच्याकडे नाहीतच. ताईनं नवा चष्मा नीट बसवला आणि परीक्षेला बसल्यासारखी त्यांच्याकडे बघू लागली.

"टेबल हलतंय," भावोजी म्हणाले.

"हलू दे."

"कॉफी सांडेल, मास्तरीणबाई." मला ते मास्तरीणबाई म्हणतात, कारण मी हुकूम सोडते. कागदी रुमालाची घडी करून ते टेबलाच्या पायाखाली वाकले. आमचं टेबल स्थिर झालं. मग त्यांना शेजारचं दिसलं, मग त्याच्या पलीकडचं. ते परत आले तेव्हा त्यांच्या कॉफीवर जाड साय धरली होती आणि ताईचा केक संपला होता.

ठीक आहे, म्हटलं, कॉफी म्हणजे काही जेवण नव्हे. दुपारी नदीकाठच्या मासेवाल्याकडे टेबल राखून ठेवलं होतं. तिथे खच्चून गर्दी. दोन वेटर, त्यातला एक हडकुळा आणि घामानं निथळलेला.

"बिचाऱ्याचे हाल बघा," भावोजी पुटपुटले.

"मी बघत नाही. तुम्हीही बघू नका."

मासा आला. भावोजी म्हणाले, हात धुऊन येतो. आता हात धुवायला नको कसं म्हणणार? परत येताना मधल्याच एका टेबलावरच्या माणसानं त्यांच्याकडे बोट केलं. पांढरा शर्ट, काळे बूट, ताठ पाठ आणि हात पुसून झालेला नॅपकिन हातावर. त्या माणसाची काही चूक नाही. तो म्हणाला, "दोन बिअर आणि एक सूप."

दुसरा कोणीही म्हणाला असता, मी वेटर नाही. भावोजींनी विचारलं, "सूपबरोबर पाव शेकून देऊ की तसाच?"

आणि गेले की आत! हडकुळ्या वेटरनं त्यांच्याकडे देव भेटल्यासारखं पाहिलं असणार, कारण त्यानंतर भावोजी बाहेर आले ते दोन्ही हातांवर ताटं तोलत. त्यांची चाल अशी सुंदर होती की काय सांगू. मला राग आला होता आणि तरी मी बघत राहिले. ताईच्या समोरच्या खुर्चीवर त्यांचा कोट लटकत होता.

"माझ्यासमोर कोट जेवतोय," ताई म्हणाली आणि हसली. पुढचा घास मात्र तिनं फार वेळ चावला.

संध्याकाळी मी हुकमी पत्ता काढला. गच्चीवरची वाईनची जागा, खाली नदी, वर उघडं आभाळ. तिथे टेबलं कमी, गडबड नाही. भावोजी एकदाच उठले, कठड्यापाशी जाऊन नदी बघून येतो म्हणाले. नदी बघून आले ते वाटेतल्या टेबलांवरचे रिकामे ग्लास बोटांत अडकवून. रिकाम्या हातांनी परतायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. आता माझा तोल गेला.

"भावोजी, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आलोय का आपण इथे? बायको बसलीये समोर!"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. ग्लास कुठे ठेवावेत तेही त्यांना कळेना. "मास्तरीणबाई, मी ठरवून नाही करत हो. वर झालेला हात दिसला, रिकामा ग्लास दिसला, की पाय आपोआप उठतात. डोक्याला नंतर कळतं."

"राहू दे गं," ताई म्हणाली. तिनं शाल घट्ट लपेटून घेतली. "माझाच वेडेपणा. हौस करायचं वय असतं, ते गेलं. उद्या दुपारी गाडी आहे, घरी गेलं की सगळं नेहमीसारखं होईल."

भावोजींना यातलं काही कळलं नाही. कळणार कसं? तिला काय हवंय ते तिनं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, मला सांगितलं होतं. आमच्या घरातल्या बायकांची हीच तऱ्हा. नवरा सोडून सगळ्यांना सांगायचं.

मी हार मानणाऱ्यातली नाही. हात दिसला की पाय उठतात ना? मग हात दिसू द्यायचाच नाही. रविवारी सकाळी माझ्या सगळ्या आवडत्या जागा मी मनातल्या मनात रद्द केल्या. त्या सगळ्यांत बसलं की चहूकडचं दिसतं, म्हणून तर त्या मला आवडतात. उतरलो होतो त्या इमारतीच्या मागच्या गल्लीत एक साधीशी खानावळ होती. मी तिच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आत एका कोपऱ्यात, दोन भिंतींच्या बेचक्यात एक टेबल होतं. मी ताईला भिंतीला पाठ लावून बसवलं आणि भावोजींना तिच्यासमोर, भिंतीकडे तोंड करून. मी बाजूला, पहाऱ्यावर.

"वेटर असा पाठ करून बसत नाही," भावोजी कुरकुरले.

"निवृत्त वेटर बसतो."

सूप आलं. भावोजींनी चमचा उचलला. एक चमचा, दुसरा, तिसरा. ताईनं स्वतःचं सूप हलवायचंही सोडून दिलं. ती नुसती बघत होती, आणि तिच्या गालावर असा काही रंग चढला की मला आमच्या लहानपणची ताई दिसली. पाठीमागे खुर्च्या सरकत होत्या, माणसं येत होती, पण भावोजी जागचे हलले नाहीत. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सूप संपलं. भाजलेला मासा आला, सोबत बटाटे आणि वाटाणे.

"खिडकीपाशी बसलेल्या आजोबांना पाणी हवंय," भावोजी म्हणाले.

मी वळून पाहिलं. खरोखरच खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ रिकामा पेला वर धरून बसले होते. भावोजींची पाठ त्यांच्याकडे होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

भावोजी चोरी पकडल्यासारखे खाली बघू लागले. मग माझं लक्ष ताईच्या चेहऱ्याकडे गेलं, आणि मी कपाळावर हात मारला. तिच्या दोन्ही काचांत ती अख्खी खानावळ चमकत होती. खिडकी, टेबलं, येणारीजाणारी माणसं, सगळं चिमुकलं पण स्वच्छ. मीच घासून बसवलेल्या काचा, थर न दिलेल्या. इतका वेळ हा माणूस बायकोच्या डोळ्यांत बघतोय असं समजून आम्ही दोघी हरखलो होतो, आणि तो तिच्या चष्म्यात गिऱ्हाइकं सांभाळत होता.

ताईलाही कळलं. तिनं चष्मा काढला, घडी केली आणि डबीत ठेवून डबी मिटली.

"अहो," ती म्हणाली, "आता माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला कोणी दिसणार नाही. मलाही तुम्ही दिसत नाही, पण चालेल. तुम्हाला एकदा नीट बसून जेवताना बघायचं होतं, म्हणून हिनं आपल्याला इथे आणलं. बघणं काही जमत नाही. निदान समोर आहात एवढं कळू द्या. उठू नका."

तिनं अंदाजानं ताटाकडे हात नेला आणि चमच्याऐवजी पाण्याचा पेला धरला. मला रडू फुटेलसं वाटलं आणि रागही आला, नक्की कोणाचा ते सांगता येणार नाही.

भावोजी उठले.

मी दात-ओठ खाल्ले. जित्याची खोड! तोंडात आलेलं मी बोलणार, तेवढ्यात त्यांनी आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि ताईच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशी ठेवली. मग ताट ओढून घेतलं आणि तिच्याकडे वळून बसले.

"इथून दिसतो?"

"नाही. भुरकट."

त्यांनी खुर्ची आणखी सरकवली. तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं. "आता?"

"आता दिसता," ताई म्हणाली. "खा."

आता खरी कसोटी होती, कारण तिथून सगळी खानावळ त्यांच्यासमोर उघडी पडली होती. आजोबांचा पेला अजून वरच होता. दाराशी नवी मंडळी आली, कोणीतरी चमचा पाडला. भावोजी खात होते. सावकाश खात होते, घास तोंडात घोळवत, आणि ताई वाकून, नाक जवळजवळ त्यांच्या ताटात घालून, एकेक घास बघत होती. आजूबाजूच्यांनी आम्हाला वेडं ठरवलं असेल तर ठरवू देत.

मी मुद्दाम हात वर केला. खात्री करून घ्यायला नको? "जरा पाव हवा होता," मी मोठ्यानं म्हणाले.

"येईल तो, मास्तरीणबाई," भावोजी मान वर न करता म्हणाले. "धीर धरा."

तेवढ्यात ताई म्हणाली, "अहो, हे काय करताय?"

भावोजींचा काटा थांबला. ताटाच्या कडेला वाटाण्यांची ओळ लागली होती. एकेक वाटाणा त्यांनी निवडून बाजूला काढला होता.

"तुम्हाला वाटाणे आवडत नाहीत?"

भावोजी स्वतःच चकित होऊन त्या ओळीकडे बघत राहिले. "नाही बहुतेक," ते म्हणाले.

"अहो, लग्न झाल्यापासून मी वाटाणे करतेय! दर आठवड्याला! ताट तर नेहमी चाटूनपुसून..."

"उभ्यानं गिळताना कळायचं नाही गं," ते म्हणाले. "बसल्यावर कळतंय."

ताई आधी त्या ओळीवर आणखी वाकली. मग हसायला लागली. एवढी हसली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि भावोजींनी खिशातून रुमाल काढून ते टिपलं. हे काम त्यांनी केलं तर माझी हरकत नव्हती. खिडकीतल्या आजोबांना शेवटी मीच उठून पाणी दिलं.

परत आले तेव्हा ताईनं आपला चमचा त्यांच्या ताटात घातला होता आणि कडेचे वाटाणे ती एकेक करून खात होती. चष्मा डबीतच होता. भावोजी पुढचा वाटाणा तिच्याकडे सरकवत होते, आणि गाडीला अजून वेळ होता.