पपईचं वर्ष

टक्.

विजेच्या कुकरचं बटण वर उडालं आणि मानमानच्या झोपेभोवती मी महत्प्रयासाने जमवलेली शांतता तडकली. मी श्वास रोखून पोरीकडे पाहिलं. तिने नुसती कूस बदलली. पण भात तर सकाळीच झाला होता. मग भर दुपारी कुकर कशाला?

स्वयंपाकघरात सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. पुढ्यात कुकरमध्ये तापवलेल्या पाण्याचा वाडगा, आणि त्यात पिशवीत बांधलेला, फ्रीजरमधून काढलेला उंदीर.

"आई, हा कुणासाठी?"

त्या दचकल्या. "अगं, पपईसाठी. बिचारी सारखी जीभ काढून बघते माझ्याकडे."

"परवाच खाल्लंय तिने."

"परवा म्हणजे परवा. दिवस जायचे तर अंगात काही हवं की नको? तुला नाही का महिनाभर तिळाच्या तेलातली कोंबडी घातली?"

"ती बाळंतपणानंतर."

"मी जरा आधी सुरुवात केली, एवढंच."

"कधीपासून?"

त्यांनी फ्रीजकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "थंडी सरल्यापासून. तुझं चालू असतं ना वर पोरीला निजवणं... तेवढ्यात."

मला सकाळचं कोडं सुटलं. पपई ही आमची कॉर्न स्नेक जातीची बिनविषारी सापीण, पिकल्या पपईच्या फोडीच्या रंगाची. खालच्या आमच्या मासे-पक्ष्यांच्या दुकानातच अंड्यातून निघालेली, मानमानच्या मुठीत मावायची तेव्हापासूनची. तिची वेळ यायला अजून एक हिवाळा लागेल असा माझा अंदाज होता. पण सकाळी माझ्या नवऱ्याने, चिहोंगने, तिला काट्यावर ठेवलं आणि मांडीवर थाप मारून ओरडला, "भरली! पोरगी लग्नाला उभी राहिली!"

घाईही तशीच होती. बारा प्राण्यांच्या बारा वर्षांतलं सापाचं वर्ष लागलेलं. एक गोल्डफिश घ्यायला आलेलं माणूससुद्धा जाताना विचारायचं, यंदा जन्मलेलं पिल्लू मिळेल का? चिहोंगने तर तोंडी कबूलही केली होती पिल्लं. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या आकुनकडून त्याने नर मागून आणला होता. सासूबाईंनी पंचांग उघडून आजची संध्याकाळ नक्की केली होती. ही वेळ गेली की अंडी पुढच्या वर्षी, म्हणजे घोड्याच्या.

मी खाली गेले आणि पपईला बाहेर काढलं.

सापाला तपासायचं तर पकडायचं नसतं. बोटांची सैल कडी करायची आणि तिला तिच्या मर्जीने त्यातून जाऊ द्यायचं. पपई निघाली. मान अजून कोवळी, शाळकरी. मानेमागे मात्र अंग एकदम रुंदावलेलं, शेपटीच्या वर दोन्हीकडे फुगवटे, वळण घेतलं की खवले फाकून मधली कातडी दिसत होती. अंड्यांवर आलेल्या मादीच्या पोटात अंगठ्याखाली मण्यांची मऊ ओळ सरकते. मी थांबून थांबून शोधली. मणी नव्हते, होती नुसती मळलेली कणीक. लांबीही वाढली नव्हती. हाडं पोरीचीच होती, वर चरबी चढवलेली.

चिहोंग कोपरापर्यंत हात टाकीत घालून शेवाळ खरवडत होता.

"आज नाही," मी म्हटलं.

"काय आज नाही?"

"जोडी लावायची नाही. आकुनचा नर परत करू."

"सकाळी काट्यावर तूही बघितलंस ना?"

"काट्याने उंदीर मोजले. तुझ्या आईने चोरून घातलेले."

जिन्यावर सपाता वाजल्या. सासूबाई वाडगा घेऊनच खाली आल्या होत्या.

"आई!" चिहोंग म्हणाला.

"माझ्यावर काय डोळे काढतोस? तूच म्हणालास, जरा भरायला हवी. भरली."

"बरं, उद्यापासून हिचं खाणं कमी करू," तो माझ्याकडे वळला. "पण आजची वेळ घालवू नको, पेइशान. लोकांना शब्द दिलाय मी."

"खाणं कमी केलं की हाडं मोठी होतात का? अंडं अडकलं तर कोण काढणार? तू?"

त्याने टाकीतून हात बाहेर काढला. गेल्या उन्हाळ्यात एक कॉलेजातली मुलगी टॉवेलात गुंडाळून आपली मादी घेऊन आली होती. असंच लवकर जोडी लावलेलं. आम्ही डॉक्टरकडे नेलं, पण तिथं पोचेपर्यंत उशीर झाला होता. तो टॉवेल चिहोंगनेच हातात धरला होता.

सासूबाईंनी वाडगा गल्ल्यावर ठेवला. "पेइशान, हे वर्ष आता बारा वर्षांनी येणार. मी तोवर असेन का तरी?"

"तिला माहीत नाही ना आई, वर्ष कुणाचं आहे ते."

"मानमानच्या वेळी नव्हता का काढला मुहूर्त? बघ, किती हुशार निघाली पोर!"

पपई माझ्या मनगटाला विळखा घालून स्थिर झाली होती. तिचा गारवा जाणवत होता.

देवळातल्या ज्योतिषाने लाल कागदावर मानमानच्या जन्माचा दिवस आणि घटका लिहून दिली होती. दिवस महिने भरायच्या जरा आधीचा पडत होता. सगळे म्हणाले, आजकाल चालतं. ऑपरेशनच करायचं तर चांगल्या घटकेवर का नको? मीही मान हलवली होती. मग इस्पितळातली ती काचेची पेटी. गोल भोकातून आत घातलेलं माझं एक बोट, आणि चिमणीसारखी लपलपणारी तिची छाती. सासूबाई रोज काचेबाहेर सुपाचा थर्मास पोटाशी धरून उभ्या असायच्या. उघडायला विसरायच्या.

"निघाली हुशार," मी म्हटलं. आवाज मला चढवायचा नव्हता. "पण त्या काचेपाशी आपण दोघी उभ्या होतो, आई."

वाडग्यातलं पाणी निवलं होतं, सासूबाईंनी उगाच त्यात बोट घालून पाहिलं.

मी पपईला तिच्या पेटीत सोडलं, झाकण लावलं आणि फळीवरून आकुनच्या नराचा डबा उचलला. "पुढच्या वर्षी बघू. तेव्हाही तयार नसली तर त्याच्या पुढच्या वर्षी."

"घोड्याच्या वर्षात साप कोण घेणार?" चिहोंग म्हणाला.

"ज्याला साप हवाय तो. ज्याला वर्ष हवंय त्याने कॅलेंडर घ्यावं."

तो हसला नाही. पण गिऱ्हाइकांना पाठवायचा निरोप फोनवर लिहायला बसला. "काय सांगू?" त्याने मान वर न करता विचारलं.

"खरं ते सांग. मुलगी लहान आहे."

तेवढ्यात मानमान एकाच पायात मोजा घालून जिन्यात उभी. कुठे चाललीस, मीपण. तिला दुसरा मोजा चढवला, हेल्मेट बांधलं. स्कूटर सुरू करते तोच सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी हँडलखालच्या हुकाला पेरूंची पिशवी अडकवली.

"आकुनकडे रिकाम्या हाताने जाऊ नको. नर दिला होता बिचाऱ्याने." मग हळूच म्हणाल्या, "आणि तो उंदीर? त्याचं काय करू?"

"मागच्या फळीवरच्या काळ्या सापाला घाला. तो उपाशीच आहे."

"त्याच्याकडे माझं लक्षच नाही गेलं बाई," असं पुटपुटत त्या आत वळल्या.

नराचा डबा कापडी पिशवीत घालून मी पाठीला बांधला होता. मानमान नेहमीसारखी पुढे, माझ्या गुडघ्यांच्या मध्ये उभी. पेरूंचा वास येत होता. मोठ्या चौकात सिग्नल लागला आणि लाल आकडे उतरू लागले.

"आई, पपईचं लग्न मोडलं?"

"मोडलं नाही. पुढे ढकललं."

"का?"

"ती अजून तयार नाही म्हणून."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. माझ्या हातातून जाता जाता."

मानमानने मान मागे टाकली, तिचं हेल्मेट माझ्या हनुवटीवर आपटलं, आणि खालून वर, उलट्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत तिने विचारलं, "आणि मी पोटात होते ना, तेव्हा मी तयार आहे असं मी सांगितलं होतं तुला?"